कृष्णवर्णीय मंडळीच्या जुन्या चर्चची राष्ट्रीय नोंद : अर्ज कुठे अडतो?

अमेरिकेतील ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठीचा अर्ज राज्याच्या वारसा जतन कार्यालयाकडे करावा लागतो. राज्याचे परीक्षण मंडळ तो तपासते आणि अंतिम निर्णय नॅशनल पार्क सर्व्हिस ही केंद्र सरकारची संस्था देते. नकाशे व छायाचित्रे जोडणे अवघड नाही.

अर्ज अडतो तो पात्रतेवर. १९६६च्या राष्ट्रीय वारसा जतन कायद्याखालील नियमांनुसार प्रार्थनास्थळ सहसा पात्र धरले जात नाही. त्याचे महत्त्व मुख्यतः वास्तुकलेमुळे, कलेमुळे किंवा इतिहासामुळे आहे, हे दाखवावे लागते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या येथे अखंड उपासना चालली, हे मंडळीला, म्हणजे चर्चच्या उपासक समुदायाला, सर्वांत मोलाचे वाटणारे वाक्य एकटे पुरत नाही, आणि ही गोष्ट वृद्ध सभासदांना समजावून सांगताना जीव तुटतो. तेथे शाळा भरत होती का, नागरी हक्कांच्या सभा झाल्या का, इमारत कोणी उभारली, हे लिहावे. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमचे सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च कृष्णवर्णीय वास्तुविशारद वॉलेस रेफील्ड यांनी आखले होते. तेथूनच १९६३च्या नागरी हक्क चळवळीचे मोर्चे निघाले आणि त्याच वर्षी तेथील बाँबस्फोटात चार मुलींचा जीव गेला.

बांधकामाच्या वर्षाचा कागद बहुतेकांकडे नसतो. कोनशिलेवरचे वर्ष पुष्कळदा मंडळीच्या स्थापनेचे असते, इमारतीचे नव्हे, आणि ही गल्लत अर्ज परत येण्यास पुरेशी ठरते. अशा वेळी काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) दप्तरातील खरेदीखत, अग्निविम्याचे जुने नकाशे आणि वर्धापनदिनाच्या पुस्तिका शोधाव्यात. कुणाच्या तरी ट्रंकेतून निघालेल्या, कडा झिजलेल्या अशा पुस्तिकेत अंत्यविधी करणाऱ्यांच्या जाहिरातींमध्ये विश्वस्तांची आणि गवंड्यांची नावे सापडतात.

अंतिम निर्णयासाठीची पंचेचाळीस दिवसांची मुदत अर्ज राज्य कार्यालयात दिल्यापासून मोजू नये. ती तो नॅशनल पार्क सर्व्हिसकडे पोहोचल्यावर सुरू होते. त्याआधीच्या तपासणीत अनेक महिने जातात, कारण परीक्षण मंडळ वर्षातून मोजक्याच वेळा बसते. हे अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळकपणे का छापत नाहीत, हे मला आजवर कळलेले नाही.

नोंद झाली म्हणजे पैसे मिळाले, असे मात्र नाही. अनुदानाचा अर्ज वेगळा करावा लागतो. वारसा जतनाचे काम करणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या खासगी संस्थेची कृष्णवर्णीय चर्चसाठीची अनुदान योजना लिली एंडोमेंट या धर्मादाय संस्थेच्या दोन कोटी डॉलरच्या देणगीतून २०२२ मध्ये सुरू झाली.

दरम्यान छत गळत असेल तर दुरुस्ती अवश्य करावी, पण आधी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवू नयेत, कारण इमारतीचे मूळ रूप कितपत टिकले आहे, हेही परीक्षक पाहतात.