मज्जा आठ दिवस थांबली तर

लाल रक्तपेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. हिमोग्लोबिनला जागा व्हावी म्हणून ती तयार होतानाच आपलं केंद्रक बाहेर टाकते. पण केंद्रक गेलं की स्वतःची डागडुजी करण्याची सोयही जाते. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून रोज हजाराहून जास्त फेऱ्या मारून ती झिजते आणि प्लीहेत किंवा यकृतात मोडीत निघते. तिच्यातलं लोह वाया जात नाही. नव्या पेशींना लागणारं बहुतेक लोह या मोडीतूनच मिळतं.

नव्या पेशी घडतात त्या हाडांच्या मज्जेत. मोठ्या माणसात मुख्यतः कमरेच्या, छातीच्या आणि मणक्यांच्या हाडांत, सेकंदाला सुमारे 20 लाख! किती घडवायच्या याचा हुकूम मात्र मूत्रपिंडाकडून येतो. ऑक्सिजन कमी पडतोय असं दिसलं की ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतं. डायलिसिसवरच्या अनेक रुग्णांना त्याचीच इंजेक्शनं घ्यावी लागतात, ती यामुळे.

विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल हा शब्द अनेकांच्या ओळखीचा आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं, तेवढ्याने पेशी विळ्यासारखी वाकते आणि 10 ते 20 दिवसांत फुटते. मज्जा मग कित्येक पट वेगाने राबते. या रुग्णांना फॉलिक ॲसिडची गोळी देतात ती या वाढत्या कामासाठीच.

हा ताळमेळ किती नाजूक आहे, ते पार्व्होव्हायरस बी19 दाखवून देतो. लहान मुलांच्या गालांवर लाली आणणारा हा साधा विषाणू मज्जेतल्या कोवळ्या लाल पेशींनाच गाठतो आणि आठवडाभर नवं उत्पादन जवळजवळ बंद पाडतो. निरोगी मुलाच्या जेमतेम सहा टक्के पेशी तेवढ्यात संपतात, घरात कुणाला पत्ताही लागत नाही. सिकलसेलच्या मुलाच्या मात्र त्याच आठवड्यात निम्म्या पेशी संपू शकतात. असं मूल तापानंतर एकाएकी पांढरंफटक पडलं, धापा टाकू लागलं, तर सकाळची वाट पाहू नये; रक्त चढवावं लागतं.

पुढे शरीरात प्रतिपिंडं तयार होतात, विषाणू हटतो. तेव्हा डॉक्टर रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या जोडीला रेटिक्युलोसाइटचा आकडाही बघतात. मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या कोवळ्या पेशी. तो आकडा शून्याजवळून वर सरकू लागला, म्हणजे हाडांत काम पुन्हा सुरू झालं.