केसीन
केसीन हा दुधातील मुख्य प्रथिनसमूह आहे. गाईच्या दुधात साधारण ३.३ टक्के प्रथिने असतात. त्यांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि बाकीची प्रथिने निवळीत राहतात. चक्का टांगला की फडक्यात उरतो तो मुख्यतः केसीन आणि स्निग्धांश. म्हशीच्या दुधात हे दोन्ही जास्त असल्याने चक्का जास्त पडतो. आईच्या दुधात मात्र केसीनचा वाटा निम्म्याहूनही कमी असतो. ‘केसीन’ हे नाव चीजसाठीच्या लॅटिन शब्दावरून आले आहे.

केसीन हे एकच प्रथिन नाही. त्याचे अल्फा-एस१, अल्फा-एस२, बीटा आणि कॅपा असे चार प्रकार आहेत आणि गाईच्या दुधात त्यांचे प्रमाण अंदाजे ४:१:४:१ असते. पहिले तीन प्रकार कॅल्शियमच्या सान्निध्यात गोठून तळाशी बसतात. दुधात तर कॅल्शियम भरपूर. मग दूध सडातच का नासत नाही? केसीनच्या संशोधनाचा मोठा भाग या एका प्रश्नाभोवती फिरला आहे.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातले ओलोफ हॅमरस्टेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आम्ल घालून केसीन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यांच्या मते ते एकच प्रथिन होते. ही समजूत चुकीची ठरली, पण त्यांची पद्धत टिकली. प्रयोगशाळांत आजही ‘हॅमरस्टेन केसीन’ वापरतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रॉम-लँग यांनी १९२०च्या दशकात केसीन हे मिश्रण असल्याचे दाखवले आणि त्यातला एखादा घटक बाकीच्यांना सांभाळत असावा, असा तर्क मांडला. तो राखणदार १९५६ साली अमेरिकेत वॉ आणि फॉन हिप्पेल यांना सापडला. त्याचे नाव कॅपा-केसीन.

चारही केसीन एकत्र येऊन मायसेल नावाचे गोळे बनतात. त्यांचा सरासरी व्यास १५० नॅनोमीटरच्या आसपास असतो. गोळ्याच्या आत कॅल्शियम फॉस्फेटचे अतिसूक्ष्म पुंजके असतात आणि वरच्या बाजूला कॅपा-केसीनचे ऋणभारित, केसाळ टोक पाण्यात तरंगत असते. या लवेमुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. प्रकाश विखुरतो तोही याच गोळ्यांमुळे, म्हणून साय आणि लोणी काढून घेतलेले दूधही पांढरेच दिसते. गोळ्याची आतली रचना नेमकी कशी, यावर मात्र अजून एकमत नाही. केसीनचे स्फटिक बनत नसल्याने क्ष-किरणांनी त्याचे चित्र घेता येत नाही, हे त्याचे एक कारण.

ही लव दोन तऱ्हांनी निकामी होते. चीज करताना दूध गोठवायला घालतात त्या रेनेटमधले कायमोसिन हे विकर (एन्झाइम) कॅपा-केसीनच्या १६९ अमिनो आम्लांच्या साखळीत १०५ आणि १०६ यांच्यामधला एकच बंध तोडते. लव गळून पडते, गोळे एकमेकांना चिकटतात आणि चीजचे दही धरते. दूध गार असेल तर बंध तुटतो, पण दही धरत नाही.

दुसरी तऱ्हा आम्लाची, म्हणजे आपल्या विरजणाची. ताज्या दुधाचा सामू (पीएच) ६.७च्या आसपास असतो. जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात तसा तो ४.६कडे उतरतो, लवेवरचा भार संपतो, गोळ्यांतले कॅल्शियम फॉस्फेट विरघळून निघून जाते आणि दही लागते. दही अदमुरे असते ते ही वाट अर्ध्यावर असताना. तापवलेल्या दुधाचे दही घट्ट का लागते, याचेही उत्तर इथेच आहे. ७० अंशांच्या पुढे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन उलगडते आणि कॅपा-केसीनला जाऊन चिकटते. मग दह्याचे जाळे विणताना निवळीतले हे प्रथिनही कामाला येते.

नुसत्या उष्णतेने मात्र केसीन साकळत नाही. उकळताना दूध फाटते ते आधीच आंबटलेले असते म्हणून. खरवसाची गोष्ट वेगळी. चिकात प्रतिपिंडे आणि निवळीतली इतर प्रथिने फार असतात आणि ती उष्णतेने साकळतात. त्यामुळे गूळ-वेलची घालून वाफवलेल्या चिकाच्या वड्या पडतात. विरजण लागत नाही आणि रेनेटही लागत नाही.

बाजारातल्या ‘ए२ दुधा’चा संबंध बीटा-केसीनशी आहे. त्याच्या साखळीत ६७व्या जागी ए२ प्रकारात प्रोलिन हे अमिनो आम्ल असते, तर ए१मध्ये हिस्टिडिन. देशी गाई आणि म्हशी बहुतांशी ए२च देतात, त्यामुळे म्हशीच्या दुधाला निराळ्या लेबलाची गरजच नाही. ए१ प्रकार पचताना एक विशिष्ट पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, सुटते. त्यामुळे काही रोग होतात, या दाव्याला कार्यकारण दाखवणारा पुरावा मिळत नसल्याचे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली नोंदवले. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ए१-ए२चे दावे वेष्टनांवरून काढायला सांगितले आणि आठवडाभरातच ती सूचना मागे घेतली. दरम्यान भावातला फरक तसाच राहिला.

केसीनचा खाण्याबाहेरही वापर होतो. लाकूड चिकटवण्यासाठी आणि रंगात बंधक म्हणून ते जुन्या काळापासून माहीत आहे. फॉर्माल्डिहाइडमध्ये मुरवलेले केसीन दगडासारखे कठीण होते. जर्मनीत १८९७ च्या सुमारास त्यापासून ‘गॅलालिथ’, म्हणजे दूधदगड, तयार झाला. पुढे कृत्रिम प्लास्टिक येईपर्यंत युरोपात कोटांची बटणे, फण्या आणि पेनांच्या नळ्या त्यापासून बनत असत.