कार्ट्रिजमधल्या सेव्ह गेमचा बॅकअप

जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजमधे (आपल्या इकडे सगळे कॅसेटच म्हणतात) साठवलेला खेळ कॉम्प्युटरवर फाइल म्हणून उतरवून ठेवायचा आणि लागला तर परत त्याच कॅसेटवर चढवायचा, याला सेव्हचा बॅकअप म्हणतात. गेम असतो रॉम चिपमधे, तो सहसा कुठं जात नाही. सेव्ह मात्र वेगळ्या चिपमधे असतो आणि ९० च्या दशकातल्या बऱ्याच कॅसेटींत ती एसरॅम असते, म्हणजे करंट तुटला की कोरी, म्हणून तिच्या बाजूला ३ व्होल्टचा चपटा बटण सेल झाळलेला असतो. सेल मेला की सेव्ह गेला, गेम पहिल्यासारखाच चालू.

सेलवाली पहिली कॅसेट कोणती यावर एकमत नाही. सरसकट उत्तर द लेजंड ऑफ झेल्डा असं मिळतं, पण ते अमेरिकेपुरतं धरावं. जपानमधे हा गेम फेब्रुवारी १९८६ मधे आला तो डिस्कवर, तिथं सेव्ह डिस्कवरच व्हायचा, सेलचा प्रश्नच नव्हता. सेलवाली कॅसेट निघाली ती १९८७ च्या उत्तरार्धात, अमेरिकेसाठी. जपानी फॅमिकॉमवर (निन्टेंडोचं टीव्हीला जोडायचं गेम मशीन) त्याच्या काही महिने आधी, बहुधा एप्रिल १९८७ मधे, मोरिता शोगी हा बुद्धिबळासारखा गेम सेल घेऊन आला होता असं मानतात. त्याहीमागं गेलं तर एपॉक कंपनीच्या सुपर कॅसेट व्हिजन या गेम मशीनवरच्या पॉप अँड चिप्सचं नाव निघतं, साधारण १९८५. कोणी १९८४ च्या फॅमिली बेसिकपर्यंत जातात, त्यात साधे पेन्सिल सेल टाकून प्रोग्राम टिकवता यायचा, पण तो गेम नव्हे, प्रोग्रामिंग शिकायचं साधन, म्हणून ते मोजू नये हेच बरं. एकूण पाहता एपॉकवाला दावा जास्त वजनदार वाटतो. सेल येण्याआधी पासवर्ड चालायचे, १९८६ चा पहिला ड्रॅगन क्वेस्ट तसाच, वहीत लिहून ठेवायचा आणि एक अक्षर चुकलं की बोंबला.

विदर्भातल्या खेड्यापाड्यात हा विषय निघाला की आधी एक गोष्ट सांगून टाकावी लागते, ती म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटींत बॅकअप घ्यायला काही नाहीच. जत्रेतून नाहीतर तालुक्याच्या बाजारातून आणलेली पिवळी-निळी ६० पिनांची कॅसेट उघडली तर आत छोटी पट्टी आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडल्यासारखा काळा ठिपका, त्याच्याखालीच चिप, सेल नाही. त्यातले मारिओ आणि कॉन्ट्रा तर मूळ कॅसेटीतही सेव्ह होत नव्हते. कामाचे निघतात ते गेम बॉय आणि गेम बॉय अॅडव्हान्स, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या मशीनचे गेम, कोणाच्या तरी काकाने बाहेर देशातून आणलेले किंवा नागपूरला बर्डीवर जुन्यात घेतलेले.

सेल किती वर्षं टिकतो याचे आकडे ५ पासून २५ पर्यंत काहीही सांगतात. वयापेक्षा चिप किती करंट ओढते यावर ते जास्त ठरतं असं मानणं योग्य. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमधे त्याच सेलवर घड्याळही चालतं, म्हणून त्या आधी मरतात, त्यांच्याहून जुनी रेड अजून सेव्ह धरून असल्याचं दिसतं. उन्हाचा भाग वेगळाच. अकोला, चंद्रपूर, ब्रम्हपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या खोलीत लोखंडी पेटीत पडलेली कॅसेट त्याहून तापते, तापल्यावर सेल आतल्या आत उतरतो आणि एसरॅमही जास्त करंट खाते. दुसरं दुखणं लाइनचं. झेल्डासोबत सूचना असायची की बंद करताना रीसेट दाबून धरा मग पॉवर बंद करा, कारण व्होल्टेज पडताना प्रोसेसर भलतंच काही रॅममधे लिहून सेव्ह बिघडवू शकतो. आता लोडशेडिंगमधे लाइन काय सांगून जाते का, रीसेट दाबणार कोण!

बॅकअपसाठी यूएसबीवर चालणारे रीडर मिळतात. गेम बॉयसाठी जीबीएक्सकार्ट आणि त्याच्यासोबत फ्लॅशजीबीएक्स हे फुकट सॉफ्टवेअर, अनेक कंपन्यांच्या कॅसेटींसाठी सॅनीचा कार्ट रीडर, ज्याचा सर्किट खुला आहे आणि हात बसलेला माणूस घरी बनवू शकतो. गेम बॉय अॅडव्हान्सची कॅसेट निन्टेंडो डीएसच्या खालच्या खाचेत बसते, तिथून होमब्रू (हौशी लोकांनी बनवलेल्या) प्रोग्रामनं सेव्ह काढता येतो, साध्या गेम बॉयची मात्र त्यात बसत नाही. आधी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसानं पुसायच्या, मग सेव्ह दोनदा वाचून दोन्ही फाइली जुळतात का ते पाहायचं. नाही जुळल्या किंवा फाइलभर एफएफच एफएफ (म्हणजे काही वाचलंच न गेल्याची खूण) आलं तर बहुतेक पिना नीट टेकल्या नाहीत, पुन्हा पुसा. फाइल अगदी चिमूटभर असते, सुपर मारिओ वर्ल्डची २ केबी, झेल्डाची ८, पोकेमॉन रेडची ३२, व्हॉट्सअॅपवरचा सकाळचा गुलाबाचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा.

सेल बदलायचा तो बॅकअप हातात आल्यावरच, कारण जुना काढला की चिप कोरी होणार. गेम बॉयच्या कॅसेटचा स्क्रू साध्या पेचकसानं निघत नाही, त्याला ३.८ मिमीचा गेमबिट नावाचा खास पेचकस लागतो (पेनाची प्लास्टिक कांडी तापवून स्क्रूवर दाबून बिट बनवणारेही आहेत, एखाद-दोनदा चालते). घड्याळवाल्याकडचा साधा सेल आणून त्याच्यावर थेट झाळू नये, तापून फुटू शकतो. धातूच्या पट्ट्या आधीच वेल्ड केलेला सेल घ्यावा. मापही पाहावं, सीआर२०३२ चा व्यास २० मिमी आणि जाडी ३.२, सीआर२०२५ च्या जागी तो घातला तर कधी कधी झाकण बसत नाही. मग सेव्ह परत चढवायचा आणि गोल्ड-सिल्व्हर असेल तर घड्याळ नव्यानं लावायचं.

सगळ्याच कॅसेटींत सेव्हसाठी सेल लागतो असं नाही. सुपर मारिओ ६४ चा सेव्ह ५१२ बाइटच्या ईईप्रॉममधे (करंट गेला तरी न पुसणारी चिप) असतो, सोनिक ३ मधे फेरोइलेक्ट्रिक रॅम आहे, तिलाही सेल लागत नाही, पोकेमॉन रुबीमधे सेव्ह फ्लॅश चिपवर आणि सेल फक्त घड्याळापुरता, म्हणून रुबीनं सेल संपल्याचं सांगितलं तरी खेळ जागेवर असतो. निन्टेंडो ६४ च्या फाइलीत बाइटांचा क्रम प्रोग्रामागणिक उलटसुलट असतो, एमुलेटरमधे (कॉम्प्युटरवर जुने गेम चालवणारा प्रोग्राम) सेव्ह दिसला नाही तर आधी तेच तपासावं.