बारूमिनी
बारूमिनी : इटलीच्या सार्डिनिया बेटावरील मार्मिल्ला या शेतीप्रधान टापूतील गाव. ते काल्यारी शहराच्या उत्तरेस सुमारे ६० किमी. अंतरावर असून वस्ती जेमतेम हजार-बाराशे आहे. गावाच्या उत्तरेस ‘जारा’ हे बेसाल्टचे सपाट पठार आहे. त्यावर बुचाच्या ओकची झाडे, पावसाळी तळी आणि ठेंगण्या रानटी घोड्यांचे कळप आढळतात. सह्याद्रीत आढळतो त्याच जातीचा हा काळा दगड बारूमिनीच्या इतिहासाचा खरा पाया होय.

गावाच्या पश्चिमेस सुमारे एक किमी.वर ‘सू नुराक्सी’ हे कांस्ययुगीन वास्तुसंकुल आहे. सार्डिनियात ‘नुरागे’ नावाचे सुमारे सात हजार दगडी बुरूज विखुरलेले आहेत. त्यांत याइतके पूर्ण आणि गुंतागुंतीचे उदाहरण क्वचितच आढळते. चुना न वापरता नुसते दगडावर दगड रचून उभारलेल्या मधल्या बुरुजात एकावर एक तीन दालने होती. दगडांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित आत सरकवत नेल्याने त्यांना कमानीवाचून घुमटाचे छत लाभले. पुढे त्याभोवती चार बुरुजांचा कोट, आत विहिरीसह अंगण आणि बाहेर आणखी एक तटबंदी अशी भर पडत गेली. कोटाच्या भिंतीला बाहेरून दुसरी जाड भिंत जोडली, तेव्हा मूळचे प्रवेशद्वार बुजून नवे बरेच उंचावर गेले, यावरून संरक्षणाची निकड किती वाढली होती हे उमगते. पायथ्याशी गोल झोपड्यांचे दाट गाव वसले आणि ते रोमन काळापर्यंत नांदते राहिले.

माती व पडझडीखाली गाडले गेलेले हे संकुल विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साधी टेकडी म्हणूनच दिसत असे. याच गावात जन्मलेले पुरातत्त्वज्ञ जोव्हान्नी लिल्लिउ (१९१४–२०१२) यांनी १९५० च्या दशकात त्याचे उत्खनन केले. आपल्या गावाशेजारच्या उंचवट्यात दडलेली वास्तू गावच्याच माणसाने उजेडात आणावी, ही पुरातत्त्वाच्या इतिहासातील विलक्षण घटना मानावी लागेल. १९९७ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

गावात सापाता या स्पॅनिश सरदार घराण्याचा वाडा आहे. १९९० मध्ये दुरुस्तीच्या वेळी तो दुसऱ्याच एका नुरागेवर उभा असल्याचे आढळले. आता तेथे संग्रहालय असून काचेच्या जमिनीतून व पुलांवरून खालचे अवशेष पाहता येतात. जवळच लास प्लास्सास येथे शंकूसारख्या टेकडीवर मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष आहेत.