बुजरा आणि अंतर्मुख: आधी घड्याळ बघा

एप्रिल लागला की फोन सुरू होतात. "ताई, मुलगा फार इंट्रोव्हर्ट आहे हो. जरा मोकळा होईल असं बघा." कोथरूडमध्ये मी गेली बारा वर्षं मुलांची नाट्यशिबिरं घेते. या वाक्यातला 'इंट्रोव्हर्ट' हा शब्द बहुतेक वेळा चुकलेला असतो, कारण मुलगा बुजरा असतो. आणि ज्या थोड्या वेळा तो शब्द बरोबर असतो, तेव्हा 'मोकळा करा' ही मागणी चुकलेली असते. दोन्हीकडून भोगायचं मुलानेच.

बुजरेपणा काय असतो हे मराठी माणसाला शिकवायला नको. लाजाळू, भिडस्त, मुखदुर्बळ असे त्याच्या छटांचे शब्दसुद्धा आपल्याकडे आहेत. पाहुणे आले की आईच्या पाठीमागे, उत्तर येत असलं तरी हात खाली, दुकानदाराने सुटे कमी दिले तरी मागायची चोरी. मुळाशी एकच भीती असते, की समोरचा आपल्याला काय म्हणेल. पुढे जाते.

'अंतर्मुख' या शब्दाने मात्र आपला घोळ केला आहे. मराठीत तो आधीपासून चिंतनाच्या अंगाने चालत आलेला आहे. नाटक बघून प्रेक्षक अंतर्मुख झाले, असं आपण परीक्षणात सहज लिहितो. मानसशास्त्रातला अर्थ वेगळा. कार्ल युंगने १९२१ मध्ये व्यक्तिमत्त्वाचे प्रकार मांडले तेव्हा त्याचा प्रश्न होता, की माणसाच्या मनाची ओढ बाहेरच्या जगाकडे आहे की स्वतःच्या आतल्या जगाकडे. भीती हा त्या मांडणीचा कणा नव्हताच. पुढे हान्स आयसेंकने १९६७ मध्ये याला शरीराचा आधार द्यायचा प्रयत्न केला. त्याचं म्हणणं असं, की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून बाहेरचा गोंगाट, गर्दी, धावपळ त्याला लवकर पुरे होते. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले तर अंतर्मुखांना सरासरीने जास्त लाळ सुटते, हे याच विचारातून केलेल्या प्रयोगांत दिसलं. आयसेंकने आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त मोलाची वाटते. चिंता, घाबरेपणा यांची मोजपट्टी त्याने अंतर्मुखतेपासून वेगळी ठेवली. म्हणजे अंतर्मुख असूनही शांत, निवांत, कुणाला न घाबरणारा माणूस असू शकतो, हे तेव्हाच मांडून झालं होतं.

तरीही लोक फसतात, कारण बाहेरून दोघं सारखेच दिसतात. दोघंही कोपऱ्यात, दोघंही गप्प. त्या क्षणाचा फोटो काढला तर मलासुद्धा फरक सांगता येणार नाही. फरक वेळ पुढे सरकतो तसा दिसतो, म्हणून मी पालकांना घड्याळ बघायला सांगते.

मंगल कार्यालयातलं लग्न घ्या. अकराला दोन आतेमामे भावंडं आली. एक दाराशीच थबकला. कुणी नाव विचारलं तर आईने सांगितलं. अक्षता पडेपर्यंत तो खुर्चीच्या कडेवर बसून होता. मग शेजारच्या मुलाने मोबाईलवर काहीतरी दाखवलं, जेवणाच्या पंगतीत त्याचा आवाज ऐकू यायला लागला, आणि चार वाजता निघायची वेळ झाली तेव्हा हा जिन्यावर पाच जणांत मधोमध बसला होता. "आत्ताच कुठे मजा यायला लागली होती!" हा बुजरा. त्याची अडचण सुरुवातीला सगळ्यात मोठी असते आणि ओळख वाढेल तशी ओसरते. आपण 'भीड चेपली' म्हणतो ते हेच.

दुसरी आली ती सरळ आत गेली. आजीच्या पाया पडली, मावशीच्या साडीचं कौतुक केलं, पाहुण्यांना पेढे वाटले, मंगलाष्टकांतलं एक कडवंही म्हटलं. दीडनंतर तिची उत्तरं एकेका शब्दाची झाली. अडीचला ती वधूपक्षाच्या खोलीत पंखा लावून एकटी बसलेली सापडली. कुणी म्हणालं रुसली, कुणी म्हणालं शिष्ट आहे. ती अंतर्मुख आहे. अकरा वाजता तिला काहीच अडचण नव्हती, ती साडेतीन तासांत साठत गेली. चेपायला तिच्यात भीड नव्हतीच. तिला आणखी दोन तास माणसांत बसवलं तर ती मोकळी होणार नाही, आणखी थकेल.

मोकळेपणाचा आलेख काढलात तर दोन रेषा एकमेकींना छेदून जातील. बुजऱ्याची चढत जाणारी, अंतर्मुखाची उतरत जाणारी.

घड्याळाचा दुसरा काटा त्या रात्रीचा. बुजरा मुलगा अंथरुणात पडून दिवस पुन्हा बघतो: मी 'नमस्कार' ऐवजी भलतंच काय बोललो, ते हसले का? अंतर्मुख मुलगी तासभर चित्रं काढते आणि झोपते. शिबिराच्या आदल्या रात्री पोटात दुखणारं मूल आणि शिबिराहून आल्यावर दार लावून घेणारं मूल, ही दोन वेगळी मुलं आहेत.

यावर माझा आवडता पुरावा जोनाथन चीक आणि आर्नल्ड बस यांचा १९८१ चा अभ्यास. त्यांनी 'माणसांत राहायची आवड' आणि 'माणसांपुढे होणारा संकोच' या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. दोन्हींचा एकमेकींशी संबंध निघाला, पण बेताचा. मग त्यांनी अनोळखी विद्यार्थिनींच्या जोड्या गप्पा मारायला बसवल्या आणि त्यांचं वागणं नोंदवलं. सगळ्यात जास्त अवघडलेल्या कोण निघाल्या? ज्यांना माणसांची आवड नाही त्या नव्हेत. ज्यांना आवड आहे आणि संकोचही आहे, त्या. कमी बोलणं, नजर चुकवणं, केसांशी-हातांशी चाळा, सगळं त्यांच्यात जास्त.

हा कप्पा आपण विसरतोच: बुजरा आणि बहिर्मुख. त्याला माणसं हवी असतात आणि माणसांपर्यंत पोहोचायचा रस्ता सापडत नसतो. माझ्याकडे मदतीला एक तरुण यायचा, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा. सकाळी अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री पुन्हा अभ्यासिका. "मी इंट्रोव्हर्ट आहे ताई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एकदा सामान आवरताना सहज बोलून गेला, की अभ्यासिकेखालच्या टपरीवर रोज एक घोळका चहाला जमतो आणि आठ महिने झाले, तो रोज त्यांच्या बाजूने हळूहळू चालत जातो, कुणी हाक मारेल म्हणून. अंतर्मुख माणूस आठ महिने हाकेची वाट बघत नाही. या मुलाला एका चुकीच्या शब्दाने समजूत घातली होती की आपण असेच आहोत, इथे करण्यासारखं काही नाही. रील्समधून 'इंट्रोव्हर्ट' हे बिरूद छातीवर लावून मिरवायची जी लाट आली आहे, तिचा मला राग येतो तो यासाठी. एकटेपण नको असलेल्या माणसांना ती एकटेपणातच बसवून ठेवते.

उलटा कप्पाही आहे, तो मला दरवर्षी भेटतो. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर खच्चून भरलेल्या प्रेक्षागृहासमोर कडकडीत भूमिका करणारी आणि प्रयोग संपल्यावर मेकअप पुसून, मित्रांच्या जेवणाला न थांबता घरी जाणारी मुलं. त्यांना कुणी बुजरं म्हणून दाखवावं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. पुस्तकं दोघंही वाचतात. फोन दोघंही टाळतात. कमी बोलणं ही कुणाचीच खूण नाही. माणूसघाणा हा तिसराच प्राणी, त्याला इथे आणू नका. आणि हो, एकच मूल अंतर्मुखही असतं आणि बुजरंही असतं. त्याला दोन्ही रेषा लागू होतात, म्हणून त्याला सुरुवातही हळू लागते आणि शेवटही लवकर.

हे ओळखायचं कशासाठी, तर उपाय उलटे आहेत म्हणून. बुजऱ्या मुलाला कार्यक्रमाला लवकर न्या. हॉलमध्ये चार माणसं असतानाच तो आत असू दे, म्हणजे पन्नास जणांनी भरलेल्या खोलीत शिरायची वेळ येणार नाही. त्याला छोट्या पायऱ्या द्या, आज रिक्षावाल्याला पत्ता त्याने सांगायचा, उद्या दुकानात सुटे त्याने मागायचे. एकदम माईकसमोर उभं करून 'बोल बोल' करणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांवर माझा अजिबात विश्वास नाही. अंतर्मुख मुलाला मात्र कार्यक्रमातून लवकर आणा, किंवा मध्ये अर्धा तास गच्चीवर जाऊ द्या. त्याला उपाय नको, उसंत हवी.

भीती इतकी असेल की मूल शाळा बुडवतं, मोठा माणूस मुलाखतीच सोडून देतो, आणि हे सहा-सहा महिने चालतं, तर तो स्वभाव राहिलेला नाही. सामाजिक भयगंड ही निदान होणारी गोष्ट आहे, १९८० पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत ती नोंदलेली आहे, आणि समुपदेशनाने ती चांगली आटोक्यात येते. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

माझ्या शिबिराच्या फॉर्मवर पूर्वी एक ओळ होती: 'पाल्य लाजाळू आहे का? हो / नाही.' ती मी काढून टाकली. आता तिथे विचारते: 'वाढदिवसाला किंवा लग्नकार्याला गेल्यावर मूल पहिल्या अर्ध्या तासात जास्त गप्प असतं, की शेवटच्या?' यंदा एका आईने समोर लिहिलं होतं, 'कधी बघितलं नाही. रविवारी भाच्याची मुंज आहे, बघून कळवते.' सोमवारी सकाळी तिचा फोन आला. "ताई, शेवटच्या. आणि मी इतकी वर्षं त्याला शेवटपर्यंत थांबवत होते."