ब्लेडेड जिग : जुळवणी आणि ट्रेलरची निवड

ब्लेडेड जिग हे रॉड आणि रीलने मासे गरवण्याचे कृत्रिम आमिष आहे. शिशाचे मुंडके, त्यात ओतून बसवलेली एकच मोठी गरी, तिच्याभोवती सिलिकॉनच्या धाग्यांचा स्कर्ट आणि मुंडक्यापुढे सैल अडकवलेली षट्कोनी पाती, अशी त्याची रचना असते. दोरी मुंडक्याला बांधत नाहीत, पातीच्या भोकातल्या क्लिपला बांधतात. ओढ बसली की पाण्याच्या दाबाने पाती एका बाजूला कलते, मुंडक्यावर आपटते, उलट फिरते, आणि सगळे आमिष डावी-उजवीकडे थरथरू लागते. ही थरथर माशाला अंगावरच्या पार्श्वरेखेने, म्हणजे पाण्यातली कंपने टिपणाऱ्या रेषेने, कळते. म्हणून गढूळ पाण्यात, जिथे माशाला नीट दिसत नाही, तिथेही हे आमिष चालते. गरीवर मागून चढवलेल्या मऊ प्लास्टिकच्या तुकड्याला ट्रेलर म्हणतात. त्याला नुसती सजावट समजणाऱ्यांचे जिग सहसा नीट पळत नाहीत.

उगम : अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात रॉन डेव्हिस या एकाच नावाच्या बापलेकांनी हे आमिष ‘चॅटरबेट’ नावाने बाजारात आणले. जानेवारी २००६ मध्ये फ्लोरिडातल्या ओकीचोबी सरोवरावरची स्पर्धा ब्रायन थ्रिफ्टने याच आमिषावर जिंकली आणि मागणी एकदम उसळली. पुढे ते झेड-मॅन कंपनीकडे गेले. ब्रेट हाइट या स्पर्धकाच्या सल्ल्याने जपानच्या एव्हरग्रीनसोबत काढलेले ‘जॅकहॅमर’ हे त्याचे सर्वांत गाजलेले रूप.

मुंबईतला वापर : हे आमिष ज्या माशासाठी घडवले, तो लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेचा. मुंबईच्या पाण्यात तो नाही. इथले गरवणारे जिग वापरतात ते खाडीतल्या जिताड्यासाठी आणि तांबोशीसाठी, गोड्या पाण्यात मरळीसाठी. तिन्ही मासे दबा धरून झडप घालणारे असल्याने बासचे बरेचसे ठोकताळे इथे लागू पडतात, पण सगळे नाही. पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनचे ठाणे आहे. तिथली जुनी परंपरा मात्र रोहू, कटला, मृगळ अशा माशांची. त्यांना पिठाच्या गोळ्या लागतात, पातीची थरथर त्यांच्या कामाची नाही. विहार आणि तुळशी हे तलाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतात, तेव्हा तिथे गळ टाकण्याचा विषयच नको. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. त्या बाजूला उतरण्याआधी हद्द कुठे लागते हे माहीत असलेले बरे. त्यामुळे प्रत्यक्षात जिग फिरते ते गोराई-मनोरी, वसई, उरण या बाजूंच्या खाड्यांत.

जुळवणी : पाकिटातून काढलेले प्रत्येक जिग सरळ पळेलच असे नाही. एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या दोन जिगांत एक ओढताक्षणी बोलू लागते, तर दुसरे दोन-तीन मीटर मुके येते. तपासणीसाठी लांब फेक लागत नाही. जेट्टीवर उभे राहून पायाजवळच्या पाण्यात रॉडच्या टोकाने दोन-चार हात ओढले की सगळे दिसते.

जिग उशिरा थरथरत असेल तर आधी पातीचे भोक पाहावे. मुंडके रंगवताना पाती ज्यात अडकते त्या कडीवर रंगाचा थर चढतो आणि पाती तिथे अडकते. जुन्या गरीच्या टोकाने तो रंग खरवडून काढायचा, पाती बोटाने दोन्ही बाजूंना भरपूर फिरवायची, आणि ती स्वतःच्या वजनाने खाली पडते का ते बघायचे. पडत नसेल तर अजून खरवडायचे. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात, पक्कड हातात घ्यायची वेळच येत नाही.

जिग एका अंगाला पळत असेल किंवा उलटे होत असेल तर संशयितांचा क्रम ठरलेला असावा : पहिला ट्रेलर, मग स्कर्ट, मग गरी, आणि सगळ्यात शेवटी पाती. ट्रेलर काढून मोकळे जिग ओढावे. सरळ आले, तर दोष ट्रेलरच्या बसण्यात आहे. गरी प्लास्टिकच्या अगदी मधोमध निघाली नसेल, शरीराला जराशी कुबड आली असेल, तरी जिग कलते. स्कर्टचे धागे एका बाजूला गोळा झालेले असतात, ते बोटांनी पसरावेत. गरीची दांडी वरून पाहिली तर मुंडक्याच्या मध्यरेषेवर हवी. मोठा मासा सोडवताना ती वाकते आणि ते ध्यानातही येत नाही.

हे सगळे ठीक असूनही जिग कलत असेल तरच पातीला हात लावावा. लहान चपट्या तोंडाच्या पकडीने पातीची एक बाजू अगदी केसभर वाकवायची, पाण्यात ओढून पाहायचे, बिघडले तर परत आणायचे. एकदम जोर लावणारे पाती घालवतात, आणि पुन्हा पुन्हा वाकवलेला धातू शेवटी तुटतोच. जिगने मधूनच थोडे बाजूला उसळून परत वाटेवर यावे, हे मात्र चांगले लक्षण आहे. ते सुधारायला जाऊ नये. घाबरलेला मासा असाच पळतो आणि झडप बहुधा त्या उसळीवरच पडते.

स्कर्ट कापणे हीही जुळवणीच. धागे गरीच्या वाकापासून बोटभर मागे ठेवून छाटले की ट्रेलरची शेपटी मोकळी होते. काही धागे उपटून काढले तर पाण्याचा अडथळा कमी होतो आणि जिग थोडे खोल जाते. मुंबईत मिळणारी जिगे बहुतेक बाहेरून येतात आणि त्यांचे स्कर्ट भरगच्च असतात. खाडीसाठी त्यातला चौथा हिस्सा काढून टाकला तरी काही बिघडत नाही.

ट्रेलर : पातीची ताकद ठरावीक असते आणि ट्रेलर त्यातला वाटा खातो. मागचे प्लास्टिक जितके जाड आणि त्याची शेपटी जितकी जोरात हलणारी, तितकी पातीची थरथर मंदावते आणि जिग वर उचलले जाते. बारीक, दुहेरी टोकाची, स्वतःहून फारशी न हलणारी शेपटी लावली की पाती मोकळी बडवते आणि जिग खोलवर राहते. पॅडलटेल म्हणजे चपटी टाच असलेला मासा या दोहोंच्या मधला, नांग्यांचा ट्रेलर सर्वांत जास्त उचल देणारा. उथळ चिखलावरून सावकाश आणायचे असेल तर नांग्या किंवा जाड पॅडलटेल; बंधाऱ्याच्या खोल कडेला लावून आणायचे असेल तर बारीक शेपटी. ७, १०.५ आणि १४ ग्रॅम या नेहमीच्या वजनांना ३ ते ४ इंचांचा ट्रेलर पुरतो. ७ ग्रॅमच्या जिगावर ४ इंची जाड पॅडलटेल चढवली तर पाती जवळजवळ बंदच पडते, आणि दुकानांतून अशी जोडी सर्रास सुचवली जाते.

बसवण्याची पद्धत साधी आहे. ट्रेलर गरीशेजारी धरून गरी कुठे बाहेर यायला हवी ती जागा नखाने दाबून ठेवावी, मग नाकातून मधोमध ओवावे. नाक शिशाला चिकटून बसले पाहिजे. मध्ये फट राहिली की दोन-तीन फेकींत ट्रेलर खाली सरकतो आणि पुढचे सगळे गणित चुकते. नाक फार रुंद असेल तर ब्लेडने सपाट कापावे. सुपरग्लूचा एक थेंब टाकला तर ट्रेलर सहज सरकत नाही.

रंगाचा प्रश्न पाण्याने सोडवावा. उधाणाच्या दिवसांत खाडीचा प्रवाह जोरात असतो, चिखल उठतो. तेव्हा काळा-निळा किंवा पांढरा-पोपटी आणि पाती जोरात बडवणारी हवी. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याच्या, दिवसांत पाणी तुलनेने निवळते, तेव्हा शिंगाळीच्या किंवा कोळंबीच्या फिकट तपकिरी छटेचा ट्रेलर आणि जरा वेगळी, हळू ओढ चालते. रंगावर यापेक्षा जास्त वेळ घालवणे हा दुकानदाराचा फायदा.

खाडीतली खुबी : बासच्या जिगातली गरी जिताड्याच्या मानाने बारीक तारेची असते, म्हणून जाड गरीचे जिग निवडावे. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी कापते आणि खाडीतल्या दगडांवर कालवांच्या शिंपल्या असतात. ब्रेडच्या म्हणजे विणलेल्या दोरीच्या पुढे जाड लीडर, म्हणजे टोकाचा जाड दोरीचा तुकडा, नसेल तर जिग माशासोबत जाते. रॉड साधारण ७ फुटांचा, टोकाला मवाळ असा बरा. ताठ रॉडने घाईचा झटका बसतो आणि गरी तोंडातून निसटते. उरण-अलिबाग बाजूला खारबंदिस्तीच्या उघाड्यांतून, म्हणजे बांधातल्या पाणी सोडण्याच्या दारांतून, ओहोटीला पाणी सुटते, त्या धारेच्या कडेला जिताडा थांबलेला असतो. जिग धारेच्या वरच्या अंगाला टाकून तिरके आणावे.

पाती चालू असेपर्यंत हातात सायलेंटवरच्या मोबाइलसारखी गुणगुण लागते. ती अचानक थांबली तर दोनच गोष्टी संभवतात : पातीवर कचरा अडकला, किंवा माशाने जिग तोंडात घेतले. कचरा असेल तर ओढ जड आणि मुकी राहते, मासा असेल तर दोरी बाजूला सरकते. संशय आला तरी रॉड मारावा. मुंबईच्या खाड्यांत प्लास्टिकच्या पिशव्या एवढ्या असतात की पहिली शक्यता जास्त वेळा खरी ठरते. जलपर्णीने भरलेल्या तलावात मात्र ब्लेडेड जिग चालवायचा हट्ट नको. उघडी गरी दर फेकीला पाने ओढून आणते. मरळीसाठी तिथे पोकळ बेडकाचे कृत्रिम आमिष बरे.

निगा : खाऱ्या पाण्यात क्लिप आणि पातीची कडी आधी गंजते. घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून, पाती हलवून, पंख्याखाली वाळवावे. ओले जिग डब्यात बंद केले की शेजारच्या गऱ्याही तांबूस होतात. क्लिप मऊ पडली तर ती बदलावी, तिच्यावर मोठा मासा ओढू नये. स्कर्ट रबरी कड्याने बांधलेला असेल तर उन्हात कडे तडकते, त्याऐवजी बारीक तारेने बांधून घेतलेला जास्त टिकतो. ट्रेलर मूळ पाकिटात सरळ ठेवावेत, कारण उन्हात उभ्या गाडीत वाकडे राहिलेले प्लास्टिक तसेच वाकडे होते. झेड-मॅनचे इलाझटेक या मऊ, ताणणाऱ्या प्लास्टिकचे ट्रेलर माशाच्या दातांना सहसा दाद देत नाहीत आणि पाण्यावर तरंगतात, पण नेहमीच्या प्लास्टिकसोबत एका डब्यात ठेवले तर दोन्ही विरघळून एकमेकांत चिकटतात. त्यांचा डबा वेगळा असतो.