बिलातली 'प्रॉक्सी' ही ओळ कशाची?

बाजारभाव, स्पर्धकांचे दर आणि ऑनलाइन साठ्याची माहिती आमच्याकडून नियमित घेणाऱ्या ग्राहकांसाठी

बिल हातात पडलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "स्क्रेपिंगचे पैसे समजले, पण हे प्रॉक्सीचे वेगळे कशाला?" प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून हे माहितीपत्रक.

वेबसाइट अडवते कशी

स्क्रेपिंग म्हणजे वेबसाइटची पानं माणसाऐवजी प्रोग्रॅमने उघडायची आणि त्यातले दर उचलून तक्त्यात भरायचे. प्रत्येक मागणी कुठल्या ना कुठल्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून जाते आणि समोरचा सर्व्हर, म्हणजे वेबसाइट चालवणारा संगणक, तो पत्ता टिपून ठेवतो. एकच गिऱ्हाईक दुकानात उभं राहून फळीवरच्या प्रत्येक वस्तूचा भाव विचारू लागलं आणि घेत मात्र काहीच नसलं, तर दुकानदार किती वेळ ऐकून घेईल? सर्व्हर आधी ४२९ हा कोड पाठवतो. मागण्या फार झाल्या, जरा दमानं घ्या, असा त्याचा अर्थ. तरी रेटा चालूच राहिला तर ४०३, म्हणजे दार बंद, नाहीतर कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं.

याहून त्रासदायक प्रकार वेगळाच आहे. सर्व्हर २०० म्हणजे 'सगळं ठीक' असा कोड देतो, पान येतंही, पण त्यात दरच नसतो किंवा शिळा दर असतो. असा तक्ता तुमच्यापर्यंत पोचला तर तुम्ही चुकीच्या भावाने माल लावणार. म्हणून पान आलं एवढ्यावर आम्ही समाधान मानत नाही. किंमत आहे का, कालच्या मानाने विचित्र उडी तर नाही ना, हे तपासल्याशिवाय तक्ता पुढे जात नाही.

फिरती प्रॉक्सी

प्रॉक्सी म्हणजे आपल्या आणि वेबसाइटच्या मधला सर्व्हर. वेबसाइटला त्याचा पत्ता दिसतो, आपला नाही. फिरत्या प्रॉक्सीत पुरवठादाराकडे अशा पत्त्यांचा मोठा साठा असतो आणि दर मागणीला किंवा ठरावीक मिनिटांनी पत्ता बदलतो. त्यामुळे मागण्यांचा भार एकाच पत्त्यावर पडत नाही.

डेटासेंटरचे, म्हणजे कंपन्यांच्या सर्व्हर-केंद्रांतले पत्ते स्वस्त आणि वेगवान, पण ते कुठल्या कंपनीचे आहेत हे कुणालाही शोधता येतं. वेबसाइटला संशय आला तर पत्त्यांची अख्खी रांगच बंद होते. घरगुती ब्रॉडबँडचे पत्ते महाग, आणि त्यांचं बिल बहुधा जीबीवर. मोबाइलचे त्याहून महाग. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात, त्यामुळे तो पत्ता बंद करताना वेबसाइट दहा वेळा विचार करते. आम्ही सुरुवात डेटासेंटरनेच करतो. बऱ्याच कामांना तेवढं पुरतं.

पैसे कुठे जातात, ते एका नमुना हिशोबात बघा. ३,००० वस्तूंची पानं, दिवसातून दोनदा, एक पान साधारण २ एमबी. म्हणजे रोज १२ जीबी, महिन्याला ३६० जीबी. यातला बराचसा भाग फोटो, फॉन्ट आणि जाहिरातींचा असतो आणि तुम्हाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. तो मागवलाच नाही आणि पान २०० केबीवर आलं, तर महिन्याचे ३६ जीबी होतात. म्हणून कोटेशन देण्याआधी आम्ही तुमच्या यादीतली काही पानं उघडून मोजतो. वस्तू तीन हजार असल्या तरी रोज हलणारे भाव मोजक्यांचेच असतात. बाकीच्यांची आठवड्यातून एक फेरी पुरे.

पिनकोडची मेख

किराणा आणि डिलिव्हरीच्या वेबसाइट पिनकोडप्रमाणे दर आणि साठा बदलतात. नाशिकचा ४२२००१ टाकून पहिलं पान उघडलं आणि दुसऱ्या पानाला आयपी पत्ता बदलला, तर काही वेबसाइट निवडलेलं ठिकाण विसरतात आणि दुसऱ्याच शहराचा दर दाखवतात. तक्त्यात तो नाशिकचा म्हणून जाऊन बसतो. अशा कामात एक फेरी संपेपर्यंत पत्ता स्थिर ठेवतो आणि पुढच्या फेरीला बदलतो. पत्ता जितका जास्त फिरवाल तितकं चांगलं, हा समज चुकीचा आहे.

शिवाय ओळख फक्त पत्त्यावरून पटत नाही. ब्राउझर स्वतःची माहिती कशी देतो, मागण्यांमध्ये माणसासारखं अंतर आहे का, हेही पाहिलं जातं. सेकंदाला वीस पानं मागणारा प्रोग्रॅम हजार पत्त्यांमागेही उघडा पडतो. आधी वेग कमी करायचा, रात्रीच्या निवांत वेळी फेरी लावायची, आणि तरीही अडलं तरच प्रॉक्सी, हा आमचा क्रम.

कुठे लागतच नाही

लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या कांद्याचे भाव हवे असणारे बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समितीनिहाय आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज येतात. केंद्राच्या खुल्या डेटा पोर्टलवर तर बाजारभावांसाठी एपीआयच आहे, म्हणजे प्रोग्रॅमने थेट माहिती मागण्याची अधिकृत सोय. तिथे मिनिटामिनिटाला विचारून भाव काही वेगळा येत नाही. या कामाला प्रॉक्सी लावली असं कुणी सांगितलं तर बिल परत तपासा.

फुकटच्या याद्या

इंटरनेटवर मोफत प्रॉक्सींच्या याद्या मिळतात. त्यातला बराचसा माल मेलेला असतो, आणि जो चालतो तो कुणाच्या हातात आहे हे कळत नाही. घरगुती पत्त्यांचा धंदाही नेहमी स्वच्छ नसतो. २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने '९११ एस५' नावाचं जाळं बंद पाडलं. मोफत व्हीपीएन (इंटरनेटवर आपली ओळख झाकणारं) ॲप घेतलेल्या लोकांचे संगणक त्यांच्या नकळत प्रॉक्सी म्हणून विकले जात होते आणि त्यात १.९ कोटींहून अधिक आयपी पत्ते होते. पत्ते कुठून येतात, घरमालकाची संमती आहे का, याचं लेखी उत्तर न देणाऱ्या पुरवठादाराकडून आम्ही घेत नाही, मग दर कितीही पडेल असो.

जे आम्ही करत नाही

लॉगिनच्या आतली माहिती, लोकांचे फोन नंबर, आणि वेबसाइटच्या अटींत स्पष्ट मनाई असलेलं काम आम्ही घेत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून डेटा उतरवून घेण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे, आणि पत्ता बदलल्याने ती टळत नाही. कुठली पानं प्रोग्रॅमने उघडू नयेत हे वेबसाइट रोबोट्स फाइलमध्ये लिहिते. ती पहिल्याच दिवशी वाचून त्याप्रमाणे यादी लहान करतो. यावर कधी कधी ग्राहक नाराज होतात, पण नंतर नोटीस आली तर ती तुमच्याही पत्त्यावर येते.

काम देताना वेबसाइटची नावं, वस्तूंची यादी, हवे असलेले पिनकोड आणि भाव दिवसातून किती वेळा लागतो, एवढं एका कागदावर लिहून आणा. शेवटचा मुद्दा घरूनच नीट ठरवून या, कारण प्रॉक्सीचं बिल सगळ्यात जास्त त्यावरच हलतं.